टूल नंतर बघू, आधी फोन कुठून आला ते लिहायला लागा

प्रश्न: आमचं भोसरी एमआयडीसीत पावडर कोटिंगचं जॉबवर्कचं युनिट आहे. मिस्टर आणि दीर शॉप बघतात, ऑफिस, बिलं, फोन माझ्याकडे. जास्त काम पॅनल बॉक्स आणि शीट मेटलवाल्यांचं. भाच्याने सात पानांची वेबसाइट करून दिली, आता महिन्याला पंधरा हजार मार्केटिंगला काढायचं ठरलंय. एका एजन्सीने पॅकेज दिलंय, त्यात त्यांचं ऑल इन वन टूल, गूगलच्या पहिल्या पानाची गॅरंटी आणि जाहिरात त्यांच्याच अकाउंटमधून. भाचा म्हणतो सेमरश नाहीतर एचरेफ्स घ्या, बाकी मी करतो. सध्या फोन येतात ते बुलेटचे रिम आणि घराच्या गेटचेच जास्त. मला यातलं फार कळत नाही पण बिल मीच भरणार आहे. कुठलं टूल घेऊ?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर:

ताई, नमस्कार. तुम्ही म्हणता यातलं फार कळत नाही, पण फोन तुम्ही उचलता आणि बिलही तुम्हीच भरता, म्हणजे पैसे कुठे गेले आणि काम कुठून आलं ही दोन्ही टोकं तुमच्याच टेबलावर आहेत. हे एजन्सीकडे नसतं आणि भाच्याकडेही नाहीये. त्यामुळे या कामाची सूत्रं तुमच्याच हातात राहिली पाहिजेत असं मला मनापासून वाटतं, भाचा मदतीला असू दे.

आता सरळ उत्तर. पहिले तीन महिने विकतचं एकही टूल घेऊ नका. सेमरश नको, एचरेफ्स नको, एजन्सीचं ऑल इन वन तर नकोच. गूगलची फुकटची टूल्स तुमच्या कामाला पुरून उरतील, आणि वाचलेले पैसे जाहिरातीत आणि वेबसाइटवर चांगले फोटो टाकण्यात घाला.

सेमरश आणि एचरेफ्स वाईट आहेत असं अजिबात नाही, फार ताकदीची टूल्स आहेत ती, पण ती कशासाठी आहेत ते बघा ना. स्पर्धकाच्या साइटवर लोक कुठले शब्द टाकून येतात, त्याला कोणी कोणी लिंक दिलीय, आपलं पान रोज कितव्या नंबरला आहे, शेकडो पानांच्या साइटमध्ये कुठे काय तुटलंय, हे सगळं काढायला ती बनवलीत. ज्यांचं मोठं ऑनलाइन दुकान आहे किंवा जे दहा-वीस क्लायंटची कामं करतात त्यांना हे रोज लागतं. दोन्हीचे नेहमीचे प्लॅन महिन्याला शंभर डॉलरच्या वर जातात, म्हणजे पंधरातले निम्म्याहून जास्त नुसतं बघण्यातच गेले, मग जाहिरातीला उरले किती? शिवाय त्यातले सर्चचे आकडे हे अंदाज असतात, बरेचसे देशपातळीवरचे, आणि भोसरी-चाकण पट्ट्यात महिन्याला मोजकेच लोक 'पॅनल बॉक्स पावडर कोटिंग' असं शोधत असतील तिथे टूल शून्य नाहीतर दहा असं काहीतरी दाखवणार. तो शून्य बघून भाचा म्हणेल हा शब्द सोडून देऊ. पण त्या मोजक्यातला एक जरी पॅनल बनवणारा दर आठवड्याला गाडी पाठवणारा निघाला ना, तर तुमच्या ओव्हनला वर्षभर काम आहे.

म्हणून पहिलं टूल म्हणजे एक रजिस्टर, किंवा गूगल शीट, तुम्हाला जे सोपं वाटेल ते. तारीख, पार्टीचं नाव, एरिया, काय मटेरियल, साधारण किती, आमचा नंबर कुठून मिळाला, आणि पुढे काय झालं, म्हणजे नुसती चौकशी, कोटेशन, सँपल की पीओ (खरेदीची ऑर्डर). 'नंबर कुठून मिळाला' हे प्रत्येकाला विचारायचंच, लोक सांगतात, 'गूगलवर बघितलं' म्हणाले तर हळूच विचारा की मॅपवर बघितलं का जाहिरात होती का वेबसाइटवर गेलात. सगळ्यांना आठवत नाही पण निम्म्यांनी जरी सांगितलं तरी चित्र कळतं. जगातलं कुठलंही टूल घ्या, ते फार तर एवढंच सांगेल की साइटवरच्या फोनच्या बटणावर कोणाचं तरी बोट पडलं, त्यातून पीओ आला की नाही हे तुमच्या रजिस्टरशिवाय कोणालाच कळणार नाही.

दुसरी गोष्ट मालकीची, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. एजन्सी म्हणते जाहिरात आमच्या अकाउंटमधून चालवू. याला नाही म्हणा. त्यांच्या अकाउंटमध्ये चाललं की कुठल्या शब्दावर किती गेले, कुठली जाहिरात चालली, कुठली पडली हा सगळा इतिहास त्यांच्याकडे राहतो, वर्षभराने पटलं नाही आणि सोडलं तर तुम्ही परत पहिल्यापासून. आपला डाय दुसऱ्याच्या शॉपमध्ये ठेवून चावीही त्यालाच दिल्यासारखं आहे ते. फर्मच्या नावाने एक वेगळं जीमेल काढा, त्यावर टू स्टेप व्हेरिफिकेशन लावा, आणि त्याच आयडीने गूगल ॲड्स, सर्च कन्सोल, ॲनालिटिक्स, बिझनेस प्रोफाइल सगळं उघडा, कुठलं कशाला ते खाली सांगतो. उद्या एजन्सी घेतलीत तरी ते त्यांच्या मॅनेजर अकाउंटमधून तुमचं अकाउंट जोडून घेऊ शकतात, तुम्ही फक्त तुमचा दहा आकडी कस्टमर आयडी द्यायचा आणि त्यांची रिक्वेस्ट आली की मंजूर करायची, पासवर्ड कोणाला द्यायची गरजच पडत नाही. आणि हो, डोमेन कोणाच्या ईमेलवर घेतलंय ते आजच भाच्याला विचारा. पोरं कॉलेजच्या आयडीवर घेऊन ठेवतात, पुढे आयडी बंद होतो आणि डोमेन रिन्यू करताना सगळ्यांची धावपळ होते.

बिलाचंही तेच. तुमच्या अकाउंटमध्ये तुमचा जीएसटी नंबर टाकलात की गूगलचं बिल तुमच्या फर्मच्या नावाने येतं, १८ टक्के जीएसटी त्यात दिसतो आणि इनपुट क्रेडिट घेता येतं, तुमच्या सीएला एकदा विचारून घ्या. एजन्सीने स्वतःच्या नावाने भरून तुम्हाला एकच गोळा रक्कम लावली तर त्यातले गूगलला किती गेले आणि त्यांची फी किती हेही कळत नाही.

गॅरंटीचं दोन वाक्यात संपवतो. पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही हे गूगलने स्वतःच्या मार्गदर्शनात लिहून ठेवलंय. पॅकेजमध्ये 'हजार सर्च इंजिनवर सबमिशन' किंवा 'मेटा कीवर्ड टॅग' (पानाच्या कोडमध्ये लपवलेली शब्दांची यादी) असं काही लिहिलं असेल तर त्यावर रेघ मारा, त्या कीवर्ड टॅगकडे आम्ही रँकिंगसाठी बघत नाही असं गूगलने २००९ मध्येच सांगून टाकलंय. कोटेशनमध्ये ॲडवर्ड्स आणि गूगल माय बिझनेस ही नावं दिसली तर गोंधळू नका, पहिल्याचं २०१८ मध्ये गूगल ॲड्स झालं आणि दुसऱ्याचं २०२१ मध्ये बिझनेस प्रोफाइल.

आता फुकटची कुठली घ्यायची. सगळ्यात आधी बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगल मॅपवरची तुमची नोंद, कारण भोसरीत 'पावडर कोटिंग निअर मी' टाकलं की मॅपवरची तीन नावं वर येतात आणि पुष्कळ लोक तिथूनच फोन लावतात, वेबसाइटवर येतच नाहीत. कॅटेगरी बरोबर टाका, खरे टायमिंग टाका, शॉपचे, ओव्हनचे, तयार मालाचे फोटो टाका. नावात 'बेस्ट पावडर कोटिंग इन भोसरी' असलं काही घुसवू नका, बोर्डवर जे नाव आहे तेच ठेवायचा नियम आहे, नाहीतर प्रोफाइल सस्पेंड होऊ शकतं. रिव्ह्यू विकत घेऊ नका, जुन्या पार्ट्यांना माल पोचल्यावर लिंक पाठवा, नियमित काम देणारे खुशीने लिहितात.

मग सर्च कन्सोल. जाहिरात न करता लोक कुठले शब्द टाकल्यावर तुमची साइट गूगलमध्ये दिसली आणि किती जणांनी क्लिक केलं हे त्यात कळतं, १६ महिन्यांपर्यंतचं मागचं बघता येतं, म्हणून जितक्या लवकर जोडाल तितकं बरं. भाचा ज्या शब्दांसाठी सेमरश घ्यायचं म्हणतोय त्यातले तुमच्या साइटचे शब्द इथे अंदाजाने नाही तर खुद्द गूगलकडूनच मिळतात. साइटवर कोण कुठून आलं आणि काय बघितलं ते मोजणारं ॲनालिटिक्स लावा, पण लावल्या दिवशीच सेटिंगमध्ये जाऊन डेटा रिटेन्शन (डेटा किती दिवस ठेवायचा ते) २ महिन्यांवरून १४ महिन्यांवर करून ठेवा, ते आपोआप होत नाही आणि पुढच्या वर्षी मागच्या दिवाळीशी तपशिलात तुलना करायला गेलात की हात चोळत बसावं लागतं. सोबत टॅग मॅनेजर (मोजणीचे कोड साइटवर बसवायचं टूल), त्यातून तीनच गोष्टी मोजायला लावा, फोन नंबरवर टॅप, व्हॉट्सॲपचं बटण आणि फॉर्म पाठवल्यानंतरचं 'थँक यू' पान. जमलं तर मायक्रोसॉफ्टचं क्लॅरिटी लावा, तेही फुकट आहे, माणूस पानावर कुठपर्यंत खाली गेला आणि कुठून परत फिरला ते दिसतं. पेजस्पीड इनसाइट्समध्ये साइटचा पत्ता टाकून मोबाइलचा रिझल्ट बघा, पानातला सगळ्यात मोठा भाग अडीच सेकंदाच्या आत दिसायला हवा असा गूगलचा निकष आहे, तुमच्याकडे तो पाळला जात नसेल तर फोनमधून काढलेले मोठमोठे फोटो तसेच चढवलेले असायची शक्यता जास्त, ते भाचा तासाभरात लहान करून देईल.

स्पर्धकांचं बघायची उत्सुकता असेल तर गूगलचं ॲड्स ट्रान्स्परन्सी सेंटर आहे, २०२३ मध्ये सुरू झालेलं, त्यात कंपनीचं नाव किंवा वेबसाइट टाकली की त्यांच्या गूगलवरच्या जाहिराती दिसतात. एक पैसा लागत नाही. चाकण-तळवड्यातले तुमच्यासारखेच दोन-चार युनिट बघून घ्या.

लोक कुठले शब्द किती शोधतात ते दाखवणारं कीवर्ड प्लॅनर गूगल ॲड्सच्या आतच येतं. जाहिरातीवर फारसा खर्च नसेल तर ते नेमका आकडा न देता '१०० ते १,०००' असे मोठाले पट्टे दाखवतं, त्यामुळे त्यातून शब्द गोळा करा, आकड्यांवर फार विसंबू नका. आणि शब्द खरे तर तुमच्या फोनवरच आहेत. परचेसवाला फोनवर पहिलं काय विचारतो? सेव्हन टँक (कोटिंगआधी पत्रा धुवायच्या सात टाक्या) आहे का, ओव्हनचं माप काय, आरएएल ७०३५ (पॅनलचा फिका राखाडी रंग) रेडी आहे का, पिकअप-डिलिव्हरी करता का. हेच शब्द साइटवर ठळक पाहिजेत आणि हेच जाहिरातीत. मला तर वाटतं ओव्हनचं माप पहिल्या पानावर लिहिलं तर तुमचे निम्मे फालतू फोन तिथेच कमी होतील आणि मोठ्या जॉबवाला थांबेल.

जाहिरात सुरू करताना मात्र सावकाश. नवीन अकाउंट उघडताना गूगल तुम्हाला सोप्या, आपोआप चालणाऱ्या कॅम्पेनकडे ढकलतं, एक्स्पर्ट मोड निवडा आणि साधं सर्च कॅम्पेनच करा, परफॉर्मन्स मॅक्स आत्ता नको, त्यात पैसा कुठल्या जागी लावायचा ते गूगलच आपणहून ठरवतं, तुमच्या हातात फार राहत नाही. सर्च कॅम्पेनमध्ये डिस्प्ले नेटवर्कची (दुसऱ्यांच्या साइट आणि ॲपवर दिसणाऱ्या जाहिरातींची) खूण आधीच केलेली असते, ती काढा. लोकेशनमध्ये भोसरीपासून पंचवीस-तीस किलोमीटरचा गोल टाका, चाकण, तळवडे, हिंजवडी त्यात येतात, रांजणगावला गाडी जात असेल तर ते वेगळं जोडा. त्याच्या खाली एक ऑप्शन असतो, आधीपासून जो निवडलेला असतो त्यात या भागात 'रस दाखवलेले' लोकही येतात मग ते कुठेही बसलेले असोत, तिथे 'या भागात असलेले किंवा नेहमी येणारे' हा निवडा. कधीकधी दिल्लीत बसलेला परचेस मॅनेजर चाकणच्या प्लांटसाठी शोधतो हे खरं, पण तुमचं बजेट बघता आत्ता तो सोडून द्या. शब्दांना ब्रॉड मॅच (दूरच्या संबंधित शब्दांवरही जाहिरात) लावू नका, फ्रेज (शोधात आपल्या शब्दांचा अर्थ आला तर) आणि एक्झॅक्ट (नेमका तोच अर्थ असला तर) ठेवा.

पंधरातले दहा हजार क्लिकसाठी धरले तर दिवसाचं बजेट साधारण ३३० रुपये येतं. एखाद्या दिवशी त्याच्या दुप्पट गेले तर घाबरू नका, गूगल एका दिवसात दुपटीपर्यंत खर्च करू शकतं, पण महिन्याला दिवसाच्या बजेटच्या ३०.४ पटीपेक्षा जास्त लावत नाही. जीएसटी वेगळा धरा. बिडिंग (क्लिकसाठी बोली लावायची पद्धत) सुरुवातीला 'मॅक्सिमाइझ क्लिक्स' ठेवा आणि एका क्लिकला जास्तीत जास्त किती ते वर बांधून ठेवा. आणि गुरुवार! भोसरी-चाकणला गुरुवारची सुट्टी, तुमचं ऑफिस बंद, फोन उचलायला कोणी नाही, तर गुरुवारी जाहिरात बंद ठेवा, रविवारी चालू ठेवा. बाहेरून आलेली एजन्सी सवयीने रविवार बंद करते कारण तिला ही सुट्टी माहीतच नसते.

आता तुमच्या रिम आणि गेटच्या फोनकडे येऊ. गूगल ॲड्समध्ये सर्च टर्म्सचा रिपोर्ट असतो, लोकांनी प्रत्यक्ष काय टाइप केल्यावर तुमची जाहिरात दिसली ते त्यात येतं. फार थोड्या लोकांनी टाकलेले शब्द गूगल प्रायव्हसीसाठी दाखवत नाही, तरी जेवढं दिसतं तेवढं पुष्कळ आहे. पहिला महिनाभर दर दोन दिवसांनी हा रिपोर्ट उघडा, विकतच्या कुठल्याही टूलपेक्षा तुमचे जास्त पैसे हा वाचवेल. त्यात दिसेल की 'पावडर कोटिंग मशीन प्राइस' वाला मशीन घ्यायला निघालाय, 'पावडर कोटिंग पावडर रेट पर केजी' वाला पावडर शोधतोय, 'कोर्स', 'सॅलरी', 'घरी कसं करायचं' हे सगळे तुमच्या पैशाने क्लिक करून जाणार. हे शब्द निगेटिव्ह कीवर्डमध्ये, म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात दाखवायची नाही त्या यादीत, टाकायचे. फक्त एक जपा. नोकरीवाले टाळायला म्हणून नुसता 'जॉब' हा शब्द निगेटिव्हमध्ये टाकू नका, बरेच जण 'जॉब वर्क' दोन शब्दांत टाइप करतात, तुमचंच गिऱ्हाईक अडेल. त्याऐवजी 'जॉब्स', 'व्हेकन्सी', 'हायरिंग', 'ऑपरेटर सॅलरी' असे टाका. निगेटिव्हमध्ये एकवचन-अनेकवचन गूगल आपणहून धरत नाही, तुम्ही 'जॉब्स' टाकलंत तर 'जॉब' अडत नाही, इथे ते आपल्या फायद्याचंच आहे, पण 'मशीन' आणि 'मशीन्स' दोन्ही वेगळे टाकावे लागतील. ही बारीक कामं घरच्या माणसाइतकी कोणी करत नाही, कारण कुठला शब्द आपल्या धंद्याचा आणि कुठला नाही हे तुम्हाला ऐकताक्षणी कळतं.

अकाउंटमध्ये 'रेकमेंडेशन्स' येत राहतील, ऑप्टिमायझेशन स्कोअर शंभर करा म्हणून. तो स्कोअर कमी असला म्हणून, कोणाची जाहिरात वर दाखवायची ते ठरवणाऱ्या गूगलच्या लिलावात तुमची जाहिरात मागे पडत नाही. लिलावात तुमची बोली आणि जाहिरातीचा दर्जा बघतात, म्हणजे माणसाने टाइप केलेल्याशी जाहिरात जुळते का, लोक क्लिक करतील का आणि क्लिक करून आलेल्या पानावर त्याला हवं ते सापडतं का. ऑटो-अप्लाय (या सूचना आपोआप लागू करणं) बंदच ठेवा, नाहीतर तुमच्या नकळत बदल होतात. 'गूगलमधून बोलतोय' म्हणून कोणी फोन केला तर ओटीपी आणि पासवर्ड द्यायचा नाही, मग तो कितीही गोड बोलो.

विकतचं टूल कधी घ्यायचं? तीन महिन्यांनी रजिस्टर बघा. असा एखादा प्रश्न पडला ज्याचं उत्तर सर्च कन्सोल आणि ॲड्स देत नाहीत, उदाहरणार्थ नाशिक-संभाजीनगरच्या पार्ट्या घ्यायच्यात आणि तिथले युनिट कुठल्या शब्दांवर दिसतात ते हवंय, तर एकच महिना घ्या, याद्या डाउनलोड करा, बंद करा. स्वतःच्या साइटपुरतं एचरेफ्सचं वेबमास्टर टूल्स फुकट मिळतं, भाच्याला हौस असेल तर तेवढं आधी वापरू दे. साइटमधलं तुटलेलं शोधणारं स्क्रीमिंग फ्रॉगही ५०० यूआरएलपर्यंत (साइटमधल्या पत्त्यांपर्यंत) फुकट आहे, तुमची तर पानं सातच.

एजन्सी अजिबातच नको असं मी म्हणत नाही. वेळ पुरत नसेल तर जरूर घ्या, पण तुमच्या अकाउंटमध्ये काम, फी वेगळी आणि क्लिकचा खर्च वेगळा, आणि महिन्याला सर्च टर्म्सची यादी दाखवणार, एवढं मान्य असेल त्यालाच. रंगीत ग्राफचा पीडीएफ पुरेसा नाही.

या आठवड्यात जीमेल, डोमेनची चौकशी, बिझनेस प्रोफाइल आणि रजिस्टर एवढंच करा. जाहिरात पुढच्या आठवड्यात. त्याआधी मिस्टर आणि दिरांशी बसून एक ठरवून टाका, रिम, अलॉय व्हील आणि गेटची कामं घ्यायची आहेत का नाही. रिकाम्या ओव्हनला तेही काम चालतं असं त्यांचं म्हणणं असेल तर त्याचं वेगळं पान आणि छोटं वेगळं कॅम्पेन करा, नको असेल तर 'रिम', 'बुलेट', 'अलॉय', 'गेट', 'ग्रिल' सगळे पहिल्याच दिवशी निगेटिव्हमध्ये. महिना झाला की सर्च टर्म्सची यादी आणि रजिस्टरची पानं पाठवा, पार्ट्यांची नावं आणि नंबर झाकून, पुढचं त्यावरून बघू.